मोंबासा : वारसा आणि बोजा

तीर्थयात्रेस निघालेला माणूस आणि पर्यटनास निघालेला माणूस यांत भेद कोणता, असे आम्हांस कोणी विचारले, तर वकिली पेशास अनुसरून आम्ही असे उत्तर देऊ की, पहिला ऋण मान्य करून निघतो आणि दुसरा किंमत चुकती करून निघतो. यात्रेकरू घरून निघताना संकल्प सोडतो. क्षेत्री पोहोचल्यावर उपाध्ये त्यास जुनी वही उघडून पणजोबांचे नाव दाखवितात, आणि आपल्या आधी आपले कोणी येथे येऊन काही देऊन-घेऊन गेले आहे, याची त्यास जाणीव होते. पर्यटकास अशी वही कोणी दाखवीत नाही. तिकीट घेतले, देखावा पाहिला, छायाचित्र काढले की त्याचा व्यवहार पुरा होतो. आम्ही पर्यटकाची निंदा करीत नाही. आम्ही स्वतः पर्यटक होतो. परंतु गेल्या हिवाळ्यात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोंबासा या नगरात आमचे आठ दिवस वास्तव्य झाले, आणि तेथे ती वही कोणी पुढे न करताच आमच्यासमोर उघडत गेली. तीतील सर्वच नोंदी अभिमानाने वाचण्यासारख्या नव्हत्या.

मोंबासा हे केनिया देशाचे मोठे बंदर. जुने शहर एका लहानशा बेटावर आहे. पूर्वेस जुने बंदर, पश्चिमेस किलिंदिनीचे नवे. २०१९ च्या शिरगणतीत बेट व भोवतालचा मुलूख मिळून बारा लाखांवर वस्ती भरली. दक्षिणेस लिकोनीची तर चालते, आणि सकाळच्या वेळी तीवर जी गर्दी लोटते ती पाहून मांडवीच्या तीरावर वाढलेल्या माणसास परकेपणा मुळीच वाटत नाही. मुख्य हमरस्त्यावर प्रचंड हस्तिदंतांची कमान आहे. ते दंत पत्र्याचे असून प्रवाशांच्या छायाचित्रांखेरीज त्यांचा काही उपयोग आमच्या ध्यानी आला नाही. जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्या, नक्षीदार दारे, पुढे आलेले लाकडी सज्जे आणि १५७० च्या सुमारास उभी राहिलेली मांद्री मशीद यांत मात्र दोन दिवस सहज जातात.

या किनाऱ्याचे आणि आपल्या किनाऱ्याचे नाते वाऱ्याने जोडलेले आहे. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारा वारा गलबतांस आफ्रिकेकडे नेतो आणि वैशाखापुढे उलटा फिरलेला वारा त्यांस परत आणतो. तेथील लोक पहिल्यास कास्काझी व दुसऱ्यास कुसी म्हणतात. या वाऱ्यांबरोबर माल गेला तसे शब्दही गेले. स्वाहिली भाषेत मोटारीस व आगगाडीस गारी म्हणतात, लाखास लाकी, विम्यास बिमा, बांगडीस बांगिली आणि कोशिंबिरीस कचुंबारी. दुकान हा शब्द तेथे दुका झाला आहे, आणि दुकानात म्हणावयाचे झाल्यास ते लोक 'दुकानी' म्हणतात. हा त्यांच्या व्याकरणाचा प्रत्यय आहे, आपल्या जुन्या सप्तमीचा नव्हे. तरीही रस्त्यात तो शब्द प्रथम कानी पडला तेव्हा आमच्यातील मराठी माणूस थबकला खरा.

अशा वेळी मनात आपलेपणाचा जो उमाळा येतो, त्याचीच आम्हांस प्रथम चौकशी करावयाची आहे. मोंबासात स्वामिनारायणाचे मंदिर आहे, संगमरवरी जैन देरासर आहे, शिवालय आहे. संध्याकाळी घंटानाद ऐकू येतो. रेल्वेच्या स्थानकाकडे बोट दाखवून आमच्या बरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, "ही रेल्वे आपल्या लोकांनी बांधली." ते म्हणणे खोटे नाही. १८९६ साली मोंबासाहून लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि १९०१ साली तो व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोहोचला. त्याकरिता हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर नेण्यात आले आणि त्यांपैकी जवळजवळ अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. त्सावोच्या सिंहांनी मारलेल्यांची कथा सर्वांस ठाऊक असते. ज्वराने आणि अपघाताने गेलेले हजारो लोक त्या कथेत मावत नाहीत. पण हे मजूर बहुतांशी पंजाबातील होते. त्यांत मुसलमान होते, शीख होते, हिंदूही होते. त्यांपैकी एकाचाही घाम आमच्या गावच्या मातीत जिरलेला नव्हता. मग 'आपल्या लोकांनी' या शब्दांत आम्ही कोणत्या नात्याने शिरलो? दिवाणी न्यायालयात अशी मालकी शाबीत करावयाची झाल्यास दस्तऐवजांची मालिका लागते, आणि आमची मालिका पहिल्याच दुव्याला तुटते.

तरीही तो शब्द आम्ही मागे घ्यावा असे आम्हांस वाटत नाही. एका देशाचे, एका संस्कृतीचे म्हणून आपण दूरच्या माणसाच्या कष्टाचा अभिमान धरतो, हे मानवी स्वभावास धरूनच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, या शब्दाने एकदा ताबा घेतला की सातबाऱ्यावरील दुसऱ्या बाजूच्या नोंदीही वाचाव्या लागतात. जमीन घेणारा शहाणा माणूस आधी 'इतर हक्क' या सदरात बोजा कोणाचा आहे ते पाहतो. अभिमानाच्या मिळकतीवर बोजा नसतोच, असे आपण का धरून चालतो?

हा प्रश्न आमच्यापुढे स्पष्ट उभा राहिला तो फोर्ट जीझस या किल्ल्यात. तेथे वाट दाखविणाऱ्या तरुणाने आम्हांस गाव विचारले. गोवा हे उत्तर ऐकताच तो हसून म्हणाला, "मग हा किल्ला तुमचाच की! येथला कारभार गोव्याहूनच चालत असे." तो विनोदाने बोलला होता. आम्ही मात्र त्या वाक्यापाशी अडलो.

प्रवाळाच्या दगडांत बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधावयास घेतला. त्याचा आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता काइराती या इटालियन स्थापत्यकाराचा. तो पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलखातील तटबंदीचे काम पाहत असे. मोंबासाच्या कप्तानाचा वरिष्ठ गोव्यातील व्हिसेरेई. आता मंदिरांच्या छायेत वाढलेल्या आपल्या वाचकांस त्या काळातील गोवा म्हटले की काय आठवते, हे सांगावयास नको. किल्ल्याचा पाया पडण्यापूर्वी तीस वर्षे कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना नदीपार अंत्रुजात न्यावे लागले होते. ज्या सत्तेने देवळे पाडली, तिनेच हा तट उभारला. म्हणून तेथे गेलेला आपला माणूस स्वतःस सहजच फिर्यादीच्या बाजूस उभा करतो. पुढे १६९६ च्या मार्चपासून १६९८ च्या डिसेंबरपर्यंत ओमानच्या अरबांनी किल्ल्यास वेढा दिला, रोगराईने व उपासमारीने आत मूठभर माणसे उरली, आणि गोव्याहून मदतीस निघालेले आरमार पोहोचले तेव्हा तटावर शत्रूचे निशाण होते, ही हकीकत ऐकून त्यास समाधान वाटते. आम्हांसही क्षणभर वाटले.

परंतु किल्ल्यातील वस्तुसंग्रहालयात त्याच वेढ्यात १६९७ साली बुडालेल्या एका लढाऊ जहाजाचे अवशेष ठेवले आहेत. १९७७ पासून तीनचार वर्षे पाणबुड्यांनी ते समुद्रतळातून वर काढले. जहाजाचे नाव सांतो आंतोनियु दि ताना. ताना म्हणजे आपले ठाणे. आणि जहाज बांधले गेले वसईस. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेमुळे, १७३९ मुळे, तो किनारा मराठी मनात विजयाचे स्थान होऊन बसला आहे. त्या विजयापूर्वी अर्धशतक तेथील सुतारांनी, लोहारांनी, दोर वळणाऱ्यांनी मोंबासाच्या दुर्गाला कुमक नेणारे जहाज सिद्ध केले होते. ते जुलमाने राबले की मजुरी घेऊन, याचा निवाडा आज करता येणार नाही. पण तट सर्वस्वी परक्यांचा आणि आम्ही केवळ त्याचे बळी, ही मांडणी त्या लाकडांपुढे उभे राहिल्यावर तितकीशी सरळ राहिली नाही.

याहूनही मोठी अडचण एका मुलाच्या चरित्रात आहे. मोंबासाचा राजा हसन बिन अहमद याचे पोर्तुगीज कप्तानांशी वितुष्ट आले आणि १६१४ साली त्यांच्याच चिथावणीने त्याचा खून झाला. त्याचा लहान मुलगा यूसुफ यास गोव्यास नेण्यात आले. तेथे ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या हाताखाली तो शिकला, बाप्तिस्मा होऊन दों जेरोनिमु झाला, पोर्तुगीज आरमारात त्याने नोकरी केली, आणि १६२६ च्या सुमारास ख्रिस्ती राजा म्हणून त्यास मोंबासाच्या गादीवर बसविण्यात आले. मुसलमान त्यास आपला मानीनात. पोर्तुगीज कप्तान त्याचा मान ठेवीना. बापाच्या कबरीपाशी तो इस्लामी रीतीने प्रार्थना करतो अशी चुगली झाली, आणि गोव्याच्या इन्क्विझिशनपुढे आपणास उभे करणार अशी धास्ती त्यास पडली. १६ ऑगस्ट १६३१ रोजी तो माणसे घेऊन किल्ल्यात शिरला, त्याने कप्तानास मारले आणि शिबंदी कापून काढली. त्यानंतर शहरातील ख्रिस्ती माणसांस धर्म सोडा, नाहीतर मरा, असे सांगण्यात आले. जे शेकडो मेले त्यांत पोर्तुगीज होते तसेच आफ्रिकन ख्रिस्तीही होते. बायका होत्या, मुले होती. पुढल्या वर्षी गोव्याहून आलेल्या आरमारास किल्ला घेता आला नाही. पण यूसुफ स्वतःच तो सोडून जहाजाने निघून गेला आणि त्यानंतरची थोडी वर्षे त्याने समुद्रावर भटकण्यात घालविली.

ही कथा ऐकणाऱ्या गोमंतकीय हिंदूच्या मनात काय येते, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. बाप मारला, मुलूख घेतला, धर्म बदलला, नाव बदलले. असा मुलगा परत येऊन तट काबीज करतो, हे ऐकून आनंद होतो. जे आपल्या पूर्वजांस करता आले नाही ते याने केले, असे वाटते. आम्ही यूसुफचे वकीलपत्र घेतले असते तर त्याच्या बाजूने पुष्कळ सांगता आले असते, आणि त्यातले अक्षरही खोटे झाले नसते. पण कप्तानाचा वध आणि घरोघर शोधून काढलेल्या बायकामुलांचा वध हे दोन वेगळे गुन्हे आहेत. बाप्तिस्मा घेतलेल्या त्या आफ्रिकन स्त्रियांनी हसनचा खून केला नव्हता. त्यांचा बाप्तिस्माही यूसुफच्या बाप्तिस्म्याइतकाच परिस्थितीने झालेला असेल. आणि धर्म सोडा नाहीतर मरा, हा जो पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला, तो ज्या सत्तेच्या भीतीने यूसुफ पेटला होता तिच्याच वळणाचा होता. अन्याय सोसलेल्याचा हात न्यायानेच चालतो असे नाही. सोसल्याने माणसास फिर्याद करण्याचा अधिकार येतो. निकालपत्र लिहिण्याचा येत नाही. किल्ल्याच्या दारावर फ्रान्सिस्कु दि सैशश काब्रैरा या कप्तानाचा लेख आहे. १६३५ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी आपण कप्तान झालो, किल्ला पुन्हा बांधला, किनाऱ्यावरील राजांस खंडणी भरावयास लावले, बंडखोर गावांस स्वहस्ते शासन केले, असे तो सांगतो. तो लेख वाचताना आम्हांस एकतर्फी हुकूमनाम्याची आठवण झाली. यूसुफचा लेख तेथे नाही; असता तर तोही एकतर्फीच असता.

मग या भूतकाळाचे आपण करावयाचे काय? येथे कायद्यातील एक भेद उपयोगी पडेल असे वाटते. फौजदारी जबाबदारी माणसाबरोबर संपते. आरोपी वारला की खटला आटोपतो, आणि बापाच्या खुनाकरिता मुलास फासावर चढविणारे राज्य सुधारलेले नव्हे. म्हणून पूर्वजांच्या पापाबद्दल आजच्या माणसाने अपराधी मुद्रा करून हिंडावे, हा उपदेश आम्हांस मान्य नाही. त्यात पुष्कळदा नाटक असते. ऋणाची गोष्ट निराळी. ऋण मिळकतीच्या मागोमाग येते. मिताक्षरा पद्धतीत तर बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई, आणि न्यायालये त्या आधारावर हुकूमनामे देत. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यापुढील कर्जांपुरता तो आधार काढून घेतला. कायद्याने ते ठीकच केले असेल. कायद्याने सोडलेली प्रत्येक गोष्ट मनानेही सोडावी असे मात्र ठरलेले नाही.

कोणी चतुर वाचक आम्हांस येथे अडवील. जुन्या शास्त्रात अव्यावहारिक ऋण म्हणून एक वर्ग होता. बापाने मद्यासाठी, द्यूतासाठी काढलेले कर्ज फेडण्यास पुत्र बांधलेला नव्हता. मग पूर्वजांच्या दुष्कृत्याचे ऋण पुत्रावर कसे? आक्षेप चांगला आहे. पण ती सवलत होती ती व्यसनास पैसा पुरविणाऱ्या सावकाराविरुद्ध. बापाने दुसऱ्याची वस्तू हिरावून घरात आणली असेल, तर ती कोठीत पडून आहे तोवर वारसास शास्त्रही संरक्षण देत नाही, कायदाही देत नाही.

आणि कोठीत काय पडले आहे? झांजिबारच्या सुलतानाच्या मुलखातील जकातीचा मक्ता एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ कच्छी भाटिया जेराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. या किनाऱ्याची बंदरे त्याच राज्यात मोडत. हिंदी पेढ्यांच्या भांडवलावर आतल्या मुलखात तांडे जात आणि हस्तिदंत व माणसे घेऊन परत येत. जकात दोहोंवर असे. १८६० च्या सुमारास झांजिबार येथील ब्रिटिश वकील रिग्बी याने ब्रिटिश प्रजाजन असलेल्या हिंदी लोकांच्या घरांतील व मळ्यांतील हजारो गुलाम मुक्त करविले. ते हिंदी लोक हिंदू होते, मुसलमानही होते. त्यांची घरे देवधर्म पाळणारी होती, यातही शंका नाही. आपल्याकडे त्याच शतकात समुद्रगमनाचा केवढा वाद झाला! विलायतेस जाऊन आलेल्यास पंक्तीस घ्यावे की नाही, प्रायश्चित्त कोणते द्यावे, यावर ज्ञातीज्ञातींत फळ्या पडल्या. समुद्र ओलांडण्याचे प्रायश्चित्त सर्वांस ठाऊक होते. समुद्रापलीकडे माणूस विकत घेण्याचे प्रायश्चित्त कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

यावर असे म्हणता येईल की, ते कच्छी होते, आम्ही नव्हे. कबूल. पण मग रेल्वेचे मजूर पंजाबी होते, तेही आम्ही नव्हे. 'आपले लोक' या शब्दाची व्याप्ती अभिमानाच्या वेळी सिंधूपर्यंत आणि हिशेबाच्या वेळी आपल्या वाड्यापर्यंत, ही सोय कोणत्याही न्यायासनास पटणार नाही.

दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर आम्ही अन्याय करू. वसाहतीच्या काळात केनियातील हिंदी माणूस गोऱ्यांच्या खाली आणि आफ्रिकनांच्या वर अशा मधल्या पायरीवर बसविलेला होता. डोंगराळ प्रदेशातील उत्तम जमिनी त्यास घेता येत नसत. पायरी नकोशी, पण खालच्या पायरीपेक्षा बरी, असे मानून पुष्कळजण बसून राहिले. सर्वच राहिले नाहीत. नैरोबीत १९२७ साली जन्मलेला पियु गामा पिंटो हा गोमंतकीय तरुण प्रथम गोव्याच्या स्वातंत्र्याकरिता झटला, मग केनियात परतून आफ्रिकनांच्या लढ्यात पडला. १९५४ साली ब्रिटिशांनी त्यास स्थानबद्ध केले. स्वतंत्र केनियाच्या लोकसभेत तो सभासद झाला, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्याचा गोळ्या घालून खून झाला. एकाच आयुष्यात दोन देशांचे ऋण त्याने अंगावर घेतले. मोंबासास जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी कितींस त्याचे नाव ठाऊक असते?

किल्ल्यावर १९६३ पर्यंत झांजिबारच्या सुलतानाचा लाल झेंडा फडकत असे. दहा मैल रुंदीची किनारपट्टी कागदोपत्री त्याची, आणि ब्रिटिश ती १८९५ पासून वार्षिक मोबदला देऊन चालवीत. १९०८ च्या जमीन-कायद्याने पट्टीतील खाजगी मालकीच्या नोंदी झाल्या, आणि त्यांत तेथील मिजिकेंडा लोकांच्या सामाईक वहिवाटीस फारसे स्थान मिळाले नाही. आपल्याच गावात उपरे ठरलेल्या त्यांच्या वंशजांचे जमिनीचे गाऱ्हाणे अद्यापि मिटलेले नाही. पर्यटकांची सुंदर विश्रामगृहे त्याच पट्टीत, माडांच्या राईत आहेत. आम्हीही तशाच एकात उतरलो होतो आणि सकाळी समुद्र पाहत उत्तम चहा घेत होतो. चहास तेथे चाइ म्हणतात.

बेटावरून न्याली पूल ओलांडला की केंगेलेनी नावाचा चौक लागतो. केंगेले म्हणजे घंटा. घंटेचे ठिकाण म्हणून केंगेलेनी. तेथे आजही एक जुनी घंटा उभी आहे. त्या वस्तीस फ्रेरेटाउन म्हणतात, आणि ते नाव मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे. गुलामांचा समुद्रावरील व्यापार बंद करण्याच्या वाटाघाटीकरिता ते १८७३ साली झांजिबारास आले होते. त्यानंतर दोनएक वर्षांत मिशनऱ्यांनी मुक्त गुलामांची ही वसाहत वसविली. तिच्या आरंभीच्या रहिवाशांत जे शिकलेले व कारागिरी जाणणारे होते, त्यांस 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. अरबी समुद्रात ब्रिटिश गलबतांनी पकडलेल्या जहाजांतून सुटलेली ती मुले. त्यांस मुंबईस उतरवून नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात ठेवण्यात आले. तेथे ती लिहावयास, सुतारकाम-लोहारकाम करावयास शिकली. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मरण पावल्यावर ज्या जेकब वेनराइटने त्यांच्या मृत्यूचा लेख झाडावर कोरला आणि त्यांच्या देहाबरोबर पुढे इंग्लंडपर्यंत गेला, तो या शरणपूरचाच विद्यार्थी.

नाशिक हे क्षेत्र. गोदेवर सिंहस्थास लाखो लोक जमतात, आणि तेथील उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांपिढ्यांची नावे आहेत. या मुलांची नावे त्या वह्यांत असावयाचे कारण नव्हते. परंतु गोदेपासून हाकेच्या अंतरावर ती वाढत होती, तेथील बाजारात त्यांच्या कानांवर मराठी पडत असणार, आणि त्यांस अन्न व अक्षर दिले ते सातासमुद्रांपलीकडून आलेल्या मिशनऱ्यांनी. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे आम्ही विसरत नाही. गोव्यात यूसुफला शिकविणाऱ्यांचा हेतूही तोच होता. आमचा प्रश्न मिशनऱ्यांना नाही. अतिथीस देव मानावे असे उपनिषदाने सांगितले, त्या वचनाचा उच्चार रोज करणाऱ्या गावात ही मुले अतिथी ठरली नाहीत, याचे कारण आम्ही शोधीत आहोत. अतिथी तोच, ज्याचे कूळ विचारता येते, ज्यास ओसरीवर कोठवर घ्यावयाचे ते ठरलेले असते, अशी तर आपली समजूत नव्हती? पर्यटक म्हणून आज आपण त्यांच्या देशी जातो तेव्हा स्वागताची अपेक्षा करतो, आणि हॉटेलातील नोकराने अदबीने 'करिबू' म्हटले की प्रसन्न होतो. पैसे दिलेले असतात, हे दोघांसही ठाऊक असते.

हे सर्व दूरचे आणि जुने वाटत असेल, तर जवळचेही सांगतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिककडून, गोव्यास गुलाम आणले. त्यांतील जे घाट चढून पळाले, त्यांचे वंशज सिद्दी या नावाने हळियाळ, यल्लापूर, अंकोला या भागांतील रानांत राहतात. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. २००३ साली कर्नाटकात त्यांची गणना अनुसूचित जमातींत झाली. घरात ते कोकणीच्या वळणाची बोली बोलतात. या मासिकाच्या दोन भाषांपैकी एक त्यांचीही आहे, जरी त्यांचा मजकूर येथे छापलेला आम्हांस आठवत नाही. आपल्या मंदिरांच्या वार्षिक उत्सवांत, पालखीच्या वेळी, महाप्रसादाच्या पंक्तीत त्यांपैकी कोणी बसलेले पाहिल्याचेही आठवत नाही. त्यांस कोणी मनाई केली असेल असे आम्ही म्हणत नाही. बोलावले असेल असेही वाटत नाही.

मोंबासाहून परतल्यावर आमच्या मित्रमंडळींनी तेथील खर्च, विमानाची सोय, खाण्यापिण्याची व्यवस्था यांची चौकशी केली, आणि पुढील वर्षी वीसपंचवीस जणांनी मिळून जावे असे ठरत आहे. शाकाहारी जेवण तेथे उत्तम मिळते. किल्ला पाहण्यास अर्धा दिवस राखून ठेवावा, आणि केंगेलेनीच्या घंटेपाशी तिकीट नाही. हळियाळ बेळगावहून मोटारीने दोनअडीच तासांवर आहे. तेथे जाण्याचे मात्र अद्याप कोणी काढलेले नाही.